माळ ओसाड नाही, तिथे खड्डे खणू नका

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरायला लागतो: ‘महाराष्ट्रात सगळीकडे घनदाट जंगल होतं. कुऱ्हाडीने आणि मेंढरांनी त्याचे ओसाड माळ केले. निसर्गाचं ऋण फेडा, माळावर झाडं लावा. गिरिपुष्प झटपट वाढतं, पिंपळ २४ तास ऑक्सिजन देतो.’ यंदा तो आमच्या मामांनी पाठवला, वर गावामागच्या माळावर खड्डे खणायला वर्गणीही मागितली. आता गप्प बसवत नाही.

ऑक्सिजनचं आधी उरकते. उजेडाशिवाय कुठलंच झाड ऑक्सिजन तयार करत नाही, पिंपळही नाही.

खरं नुकसान करतं ते ‘सगळीकडे जंगल होतं’ हे वाक्य. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या ते विसाव्या शतकातलं जुनं मराठी साहित्य आणि ओव्या तपासून पश्चिम महाराष्ट्रातल्या रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. २०२५ मध्ये हा अभ्यास ‘पीपल अँड नेचर’ या शोधपत्रिकेत आला. सापडलेल्या ४४ वनस्पतींपैकी जवळपास दोन-तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. म्हणजे निदान ७५० वर्षं इथे गवत आणि विरळ काटेरी झाडंच आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत दुसरं काय असणार?

आणि ओसाड कशाला म्हणता? कुसळी गवताचं एक कुसळ ओलं करून तळहातावर ठेवा. ते पीळ सोडत गोल फिरायला लागतं. पहिल्या पावसात ते असंच फिरत आपलं बी मातीत रुजवतं. त्याच गवताच्या आडोशाला चंडोल जमिनीवर घरटं करतो, लांडगा आणि खोकड तिथेच जगतात. माळढोक तर उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरकडे नान्नजला अभयारण्य झालं, ते माळ होता म्हणून. गिरिपुष्पाची दाट सावली पडली की हे गवत मरतं. मग धनगरांनी मेंढरं न्यायची कुठे?

मेंढरांबद्दल एवढं मान्य, बेसुमार चराईने माळ खंगतो. त्यावर उपाय म्हणजे काही भाग आळीपाळीने राखून गवताला बी धरू देणं. झाडं लावायला माझा विरोध नाही. मामा, जमलेल्या वर्गणीतून शाळेभोवती आणि रस्त्याच्या कडेला वड, कडुनिंब लावा, उन्हाळ्यात त्यांच्या पाण्याचा खर्च मी देते. माळावर मात्र जेसीबी नेऊ नका.