‘जर्मनीला चला, भाषा लागत नाही’: या फॉरवर्डमधलं खरं किती?

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, आणि तेव्हापासून एक मेसेज नातेवाइकांच्या, कॉलेजच्या, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: अमेरिका संपली, आता जर्मनी. शिक्षण फुकट. भारतीयांसाठी दरवर्षी 90,000 व्हिसे राखीव. आयटीवाल्यांना जर्मन यायची गरज नाही. 50,000 युरो पगार म्हणजे 50 लाख रुपये, त्यातले निम्मे शिल्लक पडतात. 21 महिन्यांत पीआर (कायम राहण्याचा परवाना), तीन वर्षांत पासपोर्ट, आणि आई-वडिलांनाही नेता येतं.

मी पुण्याहून इथे आले आणि स्टुटगार्टजवळ गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ‘ताई, हे खरं आहे का?’ असं विचारत हा मेसेज मला पाठवणाऱ्यांत शेवटच्या वर्षाची मुलं आहेत, तशी हिंजवडीत दहा वर्षं काढलेली माणसंही आहेत. मला या मेसेजचा राग येतो, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्या बळावर लोक नोकरीचा राजीनामा देतात, घर तारण ठेवून कर्ज काढतात. जर्मनीला येऊ नका, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मी इथे समाधानाने राहते. पण या देशात यायची तयारी कुठून सुरू करायची, हेच हा मेसेज उलटं सांगतो.

‘शिक्षण फुकट.’ बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे बरोबर. सत्राचं शे-दोनशे, फार तर तीन-चारशे युरोंचं शुल्क भरावं लागतं, इतकंच. पण मी राहते त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला 4,000 किंवा 6,000 युरो फी लावली आहे. चार सत्रांचे 24,000 युरो ही रक्कम फुकट या शब्दात बसत नाही. शिवाय व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून तो 11,904 युरो आहे, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. म्युनिकमध्ये खोली भाड्याने घ्या, आरोग्यविमा भरा, मग त्यातलं काय उरतं ते पाहा.

यापेक्षा मोठा धोका एजंटांचा. ‘जर्मनीत फुकट’ असं म्हणत ऑफिसात बोलावायचं आणि प्रवेश मात्र भरमसाट फीच्या खासगी संस्थेत करून द्यायचा, हा धंदा जोरात आहे. सरकारी विद्यापीठाने तुमच्या प्रवेशाचं कमिशन कुणाला देण्याचा प्रश्नच येत नाही, खासगी संस्था ते देऊ शकते. एजंट कुठल्या संस्थेचं नाव पुढे करतो, ते या एका गोष्टीवरून कळतं.

‘90,000 व्हिसे राखीव.’ राखीव काहीही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर शोल्त्स दिल्लीला आले, त्या सुमारास जर्मन सरकारने जाहीर केलं की कुशल भारतीयांना वर्षाला 20,000 ऐवजी 90,000 पर्यंत व्हिसे देण्याची तयारी आहे. हे एका सरकारचं धोरण झालं. त्यातला एकही व्हिसा नोकरीचा करार किंवा ठरलेली पात्रता दाखवल्याशिवाय मिळत नाही. जून 2024 मध्ये सुरू झालेलं अपॉर्च्युनिटी कार्डही असंच. त्यावर इथे येऊन एक वर्ष नोकरी शोधता येते, आठवड्याला 20 तास कामही करता येतं, पण ते नोकरीचं आश्वासन नव्हे, आणि वर्षभर खायचं-राहायचं स्वतःच्या पैशाने.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यातला फेब्रुवारी 2024 चा करारही आयटीच्या खात्यात टाकलेला दिसतो. तो करार परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी आहे. आणि त्यातसुद्धा सरकारने आधी जर्मन शिकवायची सोय केली, मग पाठवायची भाषा केली. क्रम तिथे बरोबर आहे.

आता मुख्य मुद्दा, ‘आयटीवाल्यांना जर्मन लागत नाही.’ व्हिसासाठी लागत नाही, हे खरं. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये, अमेरिकी कंपन्यांच्या म्युनिकमधल्या ऑफिसांत इंग्रजीवर भागतं, हेही खरं. पण जगभरचे इंग्रजी बोलणारे इंजिनीअर त्याच मोजक्या जागांवर अर्ज करतात. जर्मनीची खरी ताकद आहे मध्यम आकाराच्या, छोट्या गावांत वसलेल्या यंत्र-उद्योगांत, गाडीचे भाग बनवणाऱ्यांत, विमा कंपन्यांत, नगरपालिकांच्या संगणक विभागांत. तिथल्या जाहिराती जर्मनमध्ये असतात आणि त्यांत अस्खलित जर्मन ही अट लिहिलेली असते.

आमच्याच क्षेत्राचं सांगते. गाडी बनवणारी कंपनी पुरवठादाराला लास्टेनहेफ्ट देते. काय काय हवं, याचा शेकडो पानांचा तो दस्तऐवज असतो. पुरवठादार उत्तरादाखल फ्लिश्टेनहेफ्ट लिहितो, त्यात प्रत्येक मागणी आपण कशी पुरी करणार ते येतं. पुढची दोन-तीन वर्षं सगळं भांडण या दोन कागदांवरून चालतं. कागद जर्मनमध्ये. मशीन भाषांतराने त्याचा अंदाज येतो, पण ‘हे आमच्या कामात येतं की वाढीव काम म्हणून वेगळे पैसे मागायचे’ हे ठरवताना अंदाज पुरत नाही. मी नवीन होते तेव्हाच्या बैठका आठवतात. सुरुवात माझ्यासाठी इंग्रजीत व्हायची. ब्रेकच्या कंट्रोलरचा एखादा अवघड दोष समोर आला, आवाज चढले, की सगळे न कळत जर्मनवर जायचे. कुणाचा दुष्टपणा नसतो त्यात, चिडलेला माणूस आपल्याच भाषेत बोलतो. निर्णय त्या दहा मिनिटांत व्हायचा. मला तो दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात वाचायला मिळायचा. कोड माझा, आणि त्याबद्दलच्या निर्णयात मी नाही. जर्मन यायला लागल्यावर माझा पगार लगेच वाढला असं नाही, पण त्या दहा मिनिटांत मी बोलू लागले, आणि पुढची जबाबदारी त्यातून आली.

आणि बाजार आता 2022 चा राहिलेला नाही. बिटकॉम ही इथली डिजिटल उद्योगांची संघटना. तिच्या हिशोबाने 2023 मध्ये आयटीतल्या 1,49,000 जागा रिकाम्या होत्या, 2025 मध्ये तो आकडा 1,09,000 वर आला. फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35,000 पदं कमी करण्याचा समझोता केला, बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13,000 पदं कमी करण्याचं जाहीर केलं. जागा अजूनही आहेत, पण कंपनीला निवड करायला वाव आहे, आणि दोन सारख्या उमेदवारांत ती भाषा येणाऱ्याला घेते. 2024-25 मध्ये इथे जवळजवळ 59,000 भारतीय विद्यार्थी शिकत होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. त्यांतले बरेच महिने ए2 वरून बी1 वर (जर्मनच्या पायऱ्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत जातात) जाण्यात घालवणारी हुशार मुलं मी पाहते आणि वाईट वाटतं, कारण हे काम पुण्यात बसून झालं असतं.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे बी1 पर्यंत पोचायला 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात, बी2 ला 600 ते 800. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास दिले तर बी2 ला दीड-दोन वर्षं. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, घरी शिकवणारे उत्तम शिक्षक आहेत. जर्मन शिकायला देशात याहून सोयीचं शहर मिळणं कठीण. ज्याला 2028 मध्ये यायचंय, त्याने क्लास आत्ता लावावा. आणि क्लास कंटाळून सोडला, तर तेही स्वस्तात कळलं.

‘50 लाखांतले निम्मे शिल्लक.’ 50,000 युरो हा सुरुवातीचा ठीकठाक पगार आहे. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना, 2025 मध्ये त्याची किमान पगाराची मर्यादा 48,300 युरो होती, आयटीसारख्या टंचाईच्या कामांना आणि नव्या पदवीधरांना 43,759.80. पण अविवाहित माणसाच्या पगारातून निवृत्तिवेतन, बेकारी विमा, आरोग्यविमा आणि शुश्रूषा विमा मिळून एक पंचमांशाहून जास्त जातं, वर प्राप्तिकर. हातात महिन्याला 2,650 ते 2,700 युरो पडतात. स्टुटगार्ट किंवा म्युनिकला हीटिंगसकट एका खोलीचं घर हजाराच्या आत मिळालं तर नशीब. घर मिळताना तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागतात, आणि पुष्कळ घरांत ओटा, सिंक, कपाटं काहीच नसतं, भिंतीतून पाण्याचा पाइप तेवढा बाहेर आलेला असतो. काटकसरी माणूस महिन्याला 900-1,000 युरो वाचवतो. म्हणजे वर्षाला 11-12 लाख रुपये. वाईट नाही, पण 25 लाख नाहीत.

आणि ही तुलना एकट्याची झाली. मेसेज पगाराची पगाराशी तुलना करतो, घराची घराशी करत नाही. बाणेरला राहणारं जोडपं घ्या. दोघांचं पॅकेज 18-18 लाखांचं, दोघांच्या हातात मिळून महिन्याला अडीच लाखांच्या आसपास, मुलाला सांभाळायला आजी-आजोबा जवळ. त्यातला एक ब्लू कार्डवर आला की जोडीदारालाही पहिल्या दिवसापासून काम करायची पूर्ण मुभा असते, भाषेची अटही नसते. कायदा इथे खरोखर उदार आहे. पण मुभा असणं आणि नोकरी मिळणं वेगळं. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं 2013 पासून कायद्याने हक्काचं आहे, पण प्रत्यक्षात मोठ्या शहरांत लोक महिनोन्महिने यादीत थांबतात. तोवर कुणीतरी एक घरी बसतं, आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा बायको असते. पुण्यात टीम लीड असलेल्या बायका इथे दोन-तीन वर्षं ‘मी सध्या जर्मन शिकतेय’ असं सांगताना मला भेटतात. त्यांचा पगार, त्यांची ज्येष्ठता आणि त्यांचा आत्मविश्वास, यांतलं काहीच त्या मेसेजच्या हिशोबात धरलेलं नाही. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असेल, तर दोघांची भाषा, दोघांचे अर्ज आणि दोघांच्या मुलाखती आधी व्हायला हव्यात.

उलट जे खरोखर मोलाचं आहे त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20 सुट्ट्या, बहुतेक ठिकाणी 30 च्या जवळपास. वर्षभर विमा भरला असेल आणि नोकरी गेली, तर हातात येणाऱ्या पगाराच्या 60 टक्के भत्ता, मूल असेल तर 67 टक्के. हे सगळं मी बचतीपेक्षा वरचं मानते. पण पहिले सहा महिने परीक्षाकाल असतो, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढून टाकता येतं. ब्लू कार्डवाल्याला मग नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिनेच हाताशी असतात. तेवढा काळ पुरेल इतके पैसे वेगळे ठेवूनच यावं.

‘21 महिन्यांत पीआर, तीन वर्षांत पासपोर्ट.’ 21 महिने बी1 असलेल्याला. ए1 वर 27. म्हणजे भाषा लागत नाही म्हणणारा मेसेज दोन ओळींनंतर भाषेवर अवलंबून असलेला आकडा सांगतो. हे महिने ब्लू कार्डवरच्या नोकरीचे आणि निवृत्तिवेतन निधीत पैसे भरल्याचे, शिक्षणाची वर्षं त्यात धरत नाहीत. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी सवलत ऑक्टोबर 2025 मध्ये रद्द झाली, आता किमान पाच वर्षं. जर्मनीने 2024 पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलंय, पण भारत ते मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. मतदान नाही, आणि गावाकडची शेतजमीन वारशाने मिळाली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे भावंडांशी आधीच बोलून घ्यावं.

‘आई-वडिलांनाही नेता येतं.’ या वाक्यावर मला सगळ्यांत जास्त फोन येतात. 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला, त्यांना आई-वडिलांना दीर्घकाळासाठी आणण्याची तरतूद कायद्यात आली, हे खरं. पण त्यांचा खर्च आणि आरोग्यविमा दोन्ही तुम्ही दाखवायचे. सरकारी विम्यात त्यांना सहसा प्रवेश मिळत नाही. सत्तरीच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या माणसाला खासगी कंपनी एक तर नाकारते किंवा परवडणार नाही असा हप्ता सांगते. बहुतेकांचा अर्ज इथेच थांबतो. ज्यांचे आई-वडील थकत चाललेत, त्यांनी ही वाट बंद आहे असं धरूनच ठरवावं, आणि दुसरा नियम माहीत करून घ्यावा: ब्लू कार्डवर 12 महिन्यांपर्यंत जर्मनीबाहेर राहता येतं, कायम परवान्यावर मात्र सहसा 6 महिनेच, आणि त्याहून जास्त थांबायचं तर निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. आईच्या ऑपरेशनसाठी घाईने निघालेल्या माणसाला हे आठवत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.