रशियन क्रांतीवर भाषण ठोकायचंय? मग हे वाचाच

परवा आमच्या इथल्या व्याख्यानमालेत 'झारशाहीचा अंत' ऐकून आलो. वक्ते पाऊण तास उशिरा, मग दीपप्रज्वलन, मग वात विझली म्हणून परत दीपप्रज्वलन, मग परिचय करून देणाऱ्यांचं स्वतःचंच एक व्याख्यान, आणि माईकचं तर विचारूच नका. पुढचा दीड तास जे काही ऐकलं त्यावरून एक खात्री पटली की या विषयाला अभ्यास बिलकुल लागत नाही, नुसता आवाज लागतो. तेव्हा पुढच्या सीझनला कुणाला शाल, श्रीफळ आणि पाकीट हवं असेल तर या घ्या टिप्स. फुकट आहेत.

सुरुवात रासपुतीनपासून करा, म्हणजे राजघराण्यात वजन असलेल्या त्या साधूबाबापासून. ती दाढी, ते डोळे, महाराणी कशी त्याच्या मुठीत होती, विष दिलं तरी मेला नाही, गोळ्या घातल्या तरी मेला नाही, मग नदीत टाकला. यात चाळीस मिनिटं आरामात जातात आणि मागच्या रांगेतले काकासुद्धा जागे होतात. फक्त एक सांगू नका, की त्याला डिसेंबर 1916 मध्येच मारला होता आणि गादी गेली त्यानंतर अडीच महिन्यांनी. सगळं दुखणं जर त्याच्यामुळेच होतं तर तो गेल्यावर झारला बरं वाटायला हवं होतं ना? पण हे विचारणारा माणूस आगाऊ असतो, त्याच्याकडे बघायचंच नाही.

झारबद्दल, म्हणजे रशियाचा शेवटचा सम्राट निकोलस दुसरा याच्याबद्दल, बोलताना गळा दाटून येऊ द्या. किती साधा, किती कुटुंबवत्सल, मुलगा बिचारा आजारी. 1896 मध्ये त्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी खोदिंका मैदानावर फुकटचे पेले आणि खाऊ घ्यायला आलेल्या गर्दीत चेंगरून तेराशेच्या वर माणसं मेली आणि हा साधा माणूस त्याच संध्याकाळी फ्रेंच राजदूताच्या नाचाच्या पार्टीला गेला, हे कशाला सांगायचं, उगाच मूड जातो.

कारणं कुणी विचारलीच तर 'गरिबी' म्हणून मोकळं व्हा.

म्हणजे गरिबी त्याआधी शेकडो वर्षं होतीच की, मग 1917 लाच का, असं कुणी म्हणेल, पण तिकडे गेलात की फसलात. मग सांगावं लागेल की महायुद्धात दीड कोटीच्या आसपास माणसं सैन्यात ओढली, गावं रिकामी झाली, रेल्वे सगळी आघाडीकडे धावत होती आणि इंजिनं दुरुस्त करायला कुणी नव्हतं. देशात धान्य होतं हो! पण शेतकरी विकेना, कारण हातात येणाऱ्या नोटेला किंमत नव्हती आणि त्या नोटेने विकत घ्यायला दुकानात काही नव्हतं, आणि जे विकलं जाई ते शहरापर्यंत पोचेना. त्यात सरकारने 1914 ला दारूबंदी केलेली, म्हणजे ऐन युद्धात तिजोरीचा जवळजवळ पाव हिस्सा स्वतःच्या हाताने बंद केला आणि मग नोटा छापत बसले. 1915 ला महाराज स्वतः सरसेनापती झाले आणि राजधानी सोडून मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयात जाऊन बसले, म्हणजे यापुढे प्रत्येक पराभव थेट त्यांच्या नावावर. इकडे राणीसाहेबांच्या सल्ल्याने मंत्री बदलायचा कार्यक्रम, सतरा महिन्यांत चार पंतप्रधान. हे सगळं सांगायला वेळ लागतो. आणि टाळ्या पडत नाहीत.

'ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात कशी काय?' असा प्रश्न आला तर पाणी प्या.

आता मुख्य टीप. झारला लेनिनने हाकललं असं ठोकून द्या. आमच्या वक्त्यांनी तर मूठ आवळून दाखवली. आता झालं असं, की जुन्या कॅलेंडरप्रमाणे (रशियाचं कॅलेंडर तेव्हा आपल्यापेक्षा 13 दिवस मागे होतं) 2 मार्च 1917 ला झारने गादी सोडली तेव्हा लेनिन, म्हणजे बोल्शेविक या क्रांतिकारी पक्षाचा पुढारी, होता झुरिकला, स्वित्झर्लंडमध्ये. जानेवारीत तिथल्या तरुण पोरांपुढे 'आम्ही म्हातारे बहुतेक ती निर्णायक लढाई बघायला नसू' अशा अर्थाचं बोलून बसलेला माणूस तो, वय वर्षं 46. क्रांती झाल्याची बातमी त्यालाच दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगितली. एप्रिलमध्ये तो राजधानीत, पेट्रोग्राडला, उतरला आणि ऑक्टोबरात त्याने जे पाडलं ते झार गेल्यावर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार होतं, झार तोवर सैबेरियात तोबोल्स्कला नजरकैदेत. मधल्या आठ महिन्यांचं काय केलंत? गिळलेत?

मग पाडलं कुणी? तर बायकांनी. 23 फेब्रुवारी, म्हणजे आपल्या कॅलेंडरचा 8 मार्च, महिला दिन. त्या दिवशी आपण हॉलमध्ये पाककृती स्पर्धा घेतो. तिकडे पेट्रोग्राडच्या वीबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी काम बंद केलं, ज्या रात्री-अपरात्री कडाक्याच्या थंडीत पावाच्या रांगेत उभ्या राहायच्या आणि दुकान उघडल्यावर 'संपला' ऐकून कामावर जायच्या. आदल्या रात्री तिथल्या बोल्शेविक कार्यकर्त्याने त्यांना बजावलं होतं, उद्या संप करू नका, ही वेळ नाही. ऐकतंय कोण. शेजारच्या कारखान्यांसमोर जाऊन 'बाहेर या' म्हणून ओरडल्या, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले, आणि आतले पुरुष बाहेर आले. दुसऱ्या दिवशी संपावर दोन लाखांच्या आसपास माणसं, तिसऱ्या दिवशी सगळं शहर बंद. झारच्या गुप्त पोलिसांनी आधीच लिहून दिलं होतं की रांगांनी पिचलेल्या या आया म्हणजे मोठा धोका आहे. पोलिसांना कळलं, आमच्या वक्त्यांना शंभर वर्षांनीही नाही. दीड तासात बायकांचा उल्लेख एकच, महाराणीचा, तोही रासपुतीनबरोबर आणि तोही डोळा मारून!

दूमाच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अध्यक्षाने, रोद्झियान्कोने, तारेवर तार केली की राजधानी हातातून चाललीय, तर 'त्या जाड्याने परत काहीतरी मूर्खपणा लिहिलाय, मी उत्तरसुद्धा देणार नाही' असं महाराज म्हणाल्याची नोंद आहे. हा किस्सा तरी सांगायचात, यावर हशा नक्की होता.

पण जाऊ दे, आता टिप्स-बिप्स बास. मी शेवटी हात वर करून एकच विचारलं होतं. 1905 च्या जानेवारीत हीच राजधानी, हाच झार, लोक येशूच्या तसबिरी आणि झारचेच फोटो घेऊन अर्ज द्यायला निघाले होते आणि सैन्याने गोळ्या घालून शंभरावर माणसं मारली. गादी टिकली. मग बारा वर्षांनी तेच सैन्य का फिरलं? यावर उत्तर काय, तर 'काका, वेळेचं भान ठेवा'. पाऊण तास उशिरा आलेला माणूस मला वेळेचं भान शिकवतोय.

अहो, तोच तर सगळा विषय आहे! 1905 चं कसलेलं सैन्य महायुद्धात मरून गेलं होतं. 1917 ला पेट्रोग्राडच्या बराकींत कोंबलेले होते ते कालपरवा भरती केलेले शेतकरी आणि कामगार, ज्यांना लवकरच आघाडीवर मरायला जायचं होतं. 25 फेब्रुवारीला झारची तार आली, उद्याच्या उद्या गडबड बंद करा. 26 ला, रविवारी, वोलिन्स्की रेजिमेंटच्या तुकडीने चौकात गर्दीवर गोळ्या झाडल्या, कितीतरी माणसं पडली. रात्री हे शिपाई बराकीत परत आले आणि त्यांना झोप लागेना. आपण कुणावर बंदुका चालवल्या, यावर बोलत बसले. सकाळी किर्पिच्निकोव्ह नावाच्या सार्जंटच्या पुढाकाराने ठरलं की आज बाहेर पडायचं नाही, कप्तान आला तो मारला गेला, आणि मग हे लोक शेजारच्या बराकींत जाऊन बाकीच्यांना उठवायला लागले. रात्रीपर्यंत राजधानीत झारचा हुकूम मानणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. तीनशे वर्षांचं रोमानोव्ह घराणं त्या बराकीत संपलं, त्यानंतरच्या सह्या नुसत्या कागदाच्या.

हे माहीत नव्हतं तर 'माहीत नाही' म्हणायचं होतं, मी काय तुमचं पाकीट मागत नव्हतो. पण नाही, दोनशे लोक समोर बसवायचे, त्यात नववी-दहावीची पोरं वह्या घेऊन आलेली, आणि त्यांना लेनिनने झारला हाकललं असं लिहून घ्यायला लावायचं. लाज वाटली पाहिजे. आणि आयोजकहो, तुम्हीसुद्धा, वक्ता ठरवताना त्याला विषय येतो का एवढं तरी बघत जा, नुसता ओळखीचा आहे म्हणून स्टेजवर कसला चढवता!