‘रील चालली की आमदारकी खिशात’ म्हणणाऱ्यांसाठी

निवडणूक आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतं : ‘आता सभा नकोत, कार्यकर्ते नकोत. एक व्हिडिओ व्हायरल करा, सीट निघालीच.’ पुरावे ठरलेले : साताऱ्याचा पाऊस, ‘लाव रे तो व्हिडिओ’, ‘काय झाडी, काय डोंगार’. वर ठोकून दिलेलं असतं, ज्याचे फॉलोअर्स जास्त त्याची मतं जास्त.

फॉलोअर्सचं आधी उरकू. २०२४ची विधानसभा, वर्सोवा. अभिनेते एजाज खान यांचे इन्स्टाग्रामवर ५० लाखांहून जास्त फॉलोअर्स, मतं १५५. नोटालाही हजारावर मतं होती. रील बघणारा इंदूरचा असतो, दुबईचा असतो, कधी अजून मतदानाचं वयही झालेलं नसतं. वर्सोव्याच्या यादीत त्याचं नाव कुठून असणार?

‘लाव रे तो व्हिडिओ’. २०१९च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी मनसेचा एकही उमेदवार दिला नाही, पण भाजपविरोधात सभा घेतल्या आणि मोठ्या पडद्यावर मोदींच्या जुन्या भाषणांच्या क्लिपा लावल्या. ‘डिजिटल गाव’ हरिसालच्या सरकारी जाहिरातीत दिसलेला तरुण थेट स्टेजवर आणला. मीही मोबाइलवर त्या सभा शेवटपर्यंत बघायचो. तसा प्रचार नंतर बघायला मिळाला नाही. निकाल? ४८पैकी ४१ जागा भाजप-शिवसेनेला.

‘काय झाडी, काय डोंगार’ ही सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांची तर मुळात ऑडिओ क्लिप! जून २०२२मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि त्यावर जगानं रील केल्या. बापू घराघरांत पोहोचले. २०२४ला सांगोल्यात शेकापच्या बाबासाहेब देशमुखांनी त्यांना हरवलं. लढत तिरंगी होती हे खरं, पण मग तिरंगी लढतीतही ती क्लिप कामाला आली नाही, एवढं तरी मान्य करा.

आता सातारा. इथे मी थोडा मागे सरतो. सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत १८ ऑक्टोबर २०१९ला शरद पवार भर पावसात बोलले, मतदान २१ला होतं, आणि मधल्या दिवसांत तो व्हिडिओ ज्याच्या-त्याच्या फोनवर होता. वातावरण फिरलं, ते मी पाहिलंय, आणि भाजपचे उदयनराजे हरले. पण १९९९पासून साताऱ्याची लोकसभा राष्ट्रवादीकडेच होती. स्वतः उदयनराजे त्याच वर्षी मे महिन्यात घड्याळावर निवडून आले होते, मग भाजपमध्ये गेले, म्हणून तर ही पोटनिवडणूक. उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, असं पवार त्याच भाषणात म्हणाले आणि समोरच्या माणसांना ती चूक कोणती हे सांगावं लागलं नाही. पाऊस वीस वर्षं नांगरलेल्या रानात पडला. मुरमाड माळावर पडला असता तर वाहून गेला असता.

राहिलं ‘कार्यकर्ते नकोत’. गेल्या निवडणुकीत आमच्या गल्लीत एक उमेदवार आले. पुढे कॅमेरावाला उलटा चालत होता. शेजारच्या काकूंनी ओवाळलं, तेवढ्यात कुणीतरी फ्रेममध्ये घुसलं.

“काकू, परत एकदा ओवाळा ना.”

निरांजन विझलं होतं, ते पुन्हा पेटवलं. रील छान झाली, मला तीन ग्रुपवर आली. त्यात न दिसलेला एक पोरगा मात्र संध्याकाळी मतदारयादीची झेरॉक्स घेऊन एकटाच परत आला आणि काकूंना विचारत बसला, “पुण्याचा दादा मतदानाला येतोय ना? गाडीचं बघू का?”