रविवारी मैदान गावाचं

महालक्ष्मी रेसकोर्सचा विषय निघाला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. मूठभर क्लबवाल्यांनी एवढी जागा कशाला अडवायची, तिथे सगळ्यांसाठी बाग करा, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, आज बाग म्हणाल आणि उद्या काँक्रीट ओताल, त्यापेक्षा घोडे परवडले. २०२४मध्ये सरकारने सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानाला आणि ९१ एकर घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबला अशी वाटणी केली, तरी भांडण चालूच आहे. मी एडिंबरात राहतो. या वादात मला हटकून स्कॉटलंडमधलंच सेंट अँड्र्यूज हे समुद्रकाठचं गाव आठवतं, आणि तेही गोल्फमुळे. ग्रुपवर हे बोललो तर पहिला तट मला दारातूनच परत पाठवेल, म्हणून इथे लिहितोय.

२०२२च्या जुलैत तिथल्या ओल्ड कोर्स या मैदानावर ‘ओपन’ ही गोल्फची मोठी स्पर्धा १५०व्यांदा झाली. तिकिटांसाठी १३ लाखांवर अर्ज आले होते, त्यात गुरुवारचं, म्हणजे खेळाच्या पहिल्या दिवसाचं तिकीट आम्हाला सोडतीत लागलं. आठवडाभरात २ लाख ९० हजार माणसं येऊन गेली. गावाची वस्ती वीस हजारही नाही.

गोल्फ बघणं म्हणजे मुख्यतः चालणं. एकतर आवडत्या खेळाडूच्या मागे मैलोन्‌मैल फिरा, नाहीतर एका होलपाशी बसून जो येईल त्याला बघा. (होल म्हणजे चेंडू मारायच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा पट्टा; असे अठरा. खळग्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत म्हणजे ग्रीन.) त्यातून ओल्ड कोर्स प्रेक्षकाला फारसा धार्जिणा नाही. जाण्याचे आणि परतीचे होल एकमेकांना इतके खेटून आहेत की मधे पाय ठेवायला जागा नाही. सात ग्रीन तर असे की दोन-दोन होलना मिळून एकच. त्यामुळे प्रेक्षक दोरीच्या बाहेर, काठाकाठाने, आणि पलीकडचा खेळाडू म्हणजे एक ठिपका. उन्हाने गवत तांबूस-पिवळं पडलं होतं, चेंडू टप्पा पडल्यावर सिमेंटवरून जावा तसा पळत होता.

आझाद मैदानावर एका सामन्याचा थर्ड मॅन दुसऱ्या सामन्याच्या बोलरला खेटून उभा असतो, तसलाच हा कारभार. पहिल्या आणि अठराव्या होलला मिळून एकच मोठं पटांगण आहे. टायगर वुड्सने पहिल्याच होलला चेंडू स्विल्कन नावाच्या ओहोळात घातला, तेव्हा आजूबाजूचे हजारो लोक एका सुरात कण्हले. त्याची फेरी संपायला सहा तास लागले, कारण सामायिक ग्रीनवर एकमेकांसाठी थांबावंच लागतं. सतराव्या होलला तर खेळाडू हॉटेलच्या हिरव्या शेडवरून, पुढचं काही न दिसता चेंडू मारतात. आम्ही त्या ग्रीनच्या मागे बराच वेळ ठिय्या दिला. तिथे ग्रीनलगत रस्ता आणि दगडी भिंत आहे आणि चांगल्या चांगल्यांची तिथे भंबेरी उडते.

सोय चोख होती. बाटलीत पाणी भरून घ्यायला फुकट नळ, सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर मोफत प्रवेश. आपल्याकडे स्टेडियमच्या दारात पाण्याची बाटली काढून घेतात आणि आत तेच पाणी विकतात, हे आठवून चरफडलो.

पण मुद्दा सोयीचा नाही, जमिनीचा आहे. जगातल्या या सर्वात प्रसिद्ध गोल्फ कोर्सची मालकी समोरच्या भारदस्त इमारतीतल्या रॉयल अँड एन्शंट क्लबकडे नाही. जमीन सार्वजनिक आहे आणि १९७४च्या संसदीय कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. एरवी रविवारी तिथे गोल्फ बंद असतो, ओपनसारख्या मोजक्या स्पर्धा सोडून. गावकरी कुत्री, पोरंबाळं घेऊन थेट त्या अठराव्या ग्रीनजवळून हिंडतात. पहिल्या-अठराव्या होलच्या पटांगणातून गावाचा रस्ता समुद्राकडे जातो. इतर दिवशी कोणी त्यावरून जात असेल तर गोल्फर काठी टेकून थांबतो. मुंबईच्या ओव्हल मैदानातल्या पायवाटेने ऑफिसला जाणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

हे आपोआप झालेलं नाही. लोकांचा खेळायचा हक्क १५५२च्या सनदेत लिहिलेला होता. तरी १७९७मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने जमीन विकून टाकली आणि ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान उकरलं, गोल्फर आणि व्यापारी कोर्टात भांडले. १८२१मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने ती विकत घेऊन खेळ वाचवला. गावाला ती परत मिळवायला १८९४ उजाडलं, तेही संसदेकडून कायदा करून घेऊन आणि पैसे मोजून.

म्हणून दोन्ही तटांचं मला पटत नाही. खेळ कुठला आणि तो श्रीमंतांचा का, यावर आपण रात्र रात्र भांडतो. जमिनीवरून जायचा हक्क कोणत्या कागदावर लिहिला आहे, हे कोणी विचारत नाही. महालक्ष्मीला सकाळी लोक फिरायला जातात खरे, पण ती सवलत आहे की हक्क?

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर परदेशात राहणाऱ्याची नेहमीची शिकवणी होईल. रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासदत्व द्यायचं ठरवलं ते २०१४मध्ये. पलीकडचं बायकांचं पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायचं छोटं मैदान, मात्र १८६७पासून आहे, आणि तिथे चार पैसे देऊन कोणीही खेळतं. बाहेरच्या माणसाला ओल्ड कोर्सवर एक फेरी खेळायची तर मोसमात तीनशेहून जास्त पौंड पडतात, तेही सोडतीत नाव निघालं तर. ओपनच्या आठवड्यात गावकरी घरं भाड्याने देऊन गाव सोडतात, इतके दर चढतात. आणि इथल्या गवताला पाऊस फुकट पाणी घालतो. मराठवाड्यात टँकर फिरत असताना कोणी गोल्फचं ग्रीन हिरवं ठेवायला निघालं तर मीही विरोधच करीन. मुंबईची गर्दी तर सेंट अँड्र्यूजच्या रविवारला एका तासात तुडवेल.

तरी एवढं मागता येईल. टर्फ क्लबच्या ९१ एकरांच्या नव्या भाडेपट्ट्यात लोकांच्या वाटा, वेळा आणि शर्यती नसलेले दिवस लिहून ठेवा. उद्यानाच्या १२० एकरांवर किती बांधता येईल याचा आकडा आधी जाहीर करा, आणि तो बदलायचा तर विधिमंडळातच बदलता येईल अशी तरतूद करा. २०२७मध्ये ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला येतेय. तोवर ग्रुपवर या दोन मागण्यांवर कोणी सही करायला तयार असेल तर मसुदा मी लिहितो. पहिल्या तटाने गोल्फचा उल्लेख गाळला तरी चालेल.