क्रश होता म्हणूनच कान तयार झाला

आज एका घरगुती बैठकीत चहाच्या वेळी एक बाई सहज म्हणाल्या, "मी गायक हरिहरनपर्यंत पोचले ती नट अरविंद स्वामीमुळे. शाळेत असताना वेडी होते त्याच्यासाठी." समोरचे जाणकार गृहस्थ हसले, "म्हणजे गाण्यासाठी नाहीच!" बाई गप्प झाल्या. माझं डोकंच फिरलं.

अहो, चेहऱ्यासाठी का होईना, त्या मुलीनं एकच कॅसेट किती वेळा फिरवली असेल! आवडतं गाणं परत ऐकायचं तर रिवाइंड दाबायचं आणि अंदाजानं थांबायचं. अंदाज चुकला की आधीच्या गाण्याचा शेवट ऐकावा लागायचा. फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची, आणि चुरगळलेल्या जागी आवाज कायमचा दबायचा. अशा ऐकण्यातून अंतऱ्याआधीचे म्युझिक पीसेससुद्धा पाठ होतात. ही मेहनत कुणी सांगून करत नाही, प्रेमात पडल्यावरच होते.

आणि आपल्या सिनेमात चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. 'रोजा' १९९२चा. त्याच्या हिंदी गाण्यांत अरविंद स्वामीला आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. 'बॉम्बे' १९९५चा, तिथं 'तू ही रे'ला हरिहरन. संगीतकार दोन्हीकडे रहमान. एसपींच्या आवाजात हसू आहे, शब्द मोकळा सुटतो. हरिहरन 'रे' लांबवतो, गझल गाणाऱ्यासारखा त्या शब्दापाशी रेंगाळतो. चेहरा तोच असल्यामुळेच हा फरक पोरीच्या लक्षात येतो.

मग हरिहरनचा हा गळा आला कुठून? उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांची तालीम. १९७८चा 'गमन' सिनेमा, जयदेव यांचं संगीत, शहरयार यांचे शब्द, 'अजीब सानिहा मुझ पर गुज़र गया यारों'. तिथून गझलेचं दार उघडतं. आणि हाच गळा पुढं 'जोगवा'त अजय-अतुलचं 'जीव रंगला' गातो, राष्ट्रीय पुरस्कार घेतो. त्या बाई ही सगळी वाट चालून आल्या आहेत. त्यांना हसायचं?

हो, बऱ्याच जणी चेहऱ्यापाशीच थांबतात. मान्य. पण त्यांना पुढची पायरी कुणी दाखवली होती का?

राग जरा बाजूला ठेवून सांगते. घरातली पोरगी कुणावर भाळली असेल तर तिला टोकू नका. तिचंच गाणं स्क्रीन बंद करून ऐकवा. व्हिडिओ चालू असला की डोळे कानाला काही करू देत नाहीत. आवाज सुरू होण्याआधी कुठलं वाद्य वाजलं, एवढंच विचारा. मग त्याच गायकाचं दुसऱ्या चेहऱ्यावरचं गाणं, मग त्याच संगीतकाराचा दुसरा गायक. एका वेळी एकच गाणं. पन्नास गाण्यांची प्लेलिस्ट पाठवलीत तर ती पहिल्या दोनातच पळेल. हल्ली लाडका चेहरा स्वतःच गातो, तिथं ॲपवरची क्रेडिट्स उघडा आणि संगीतकार, अरेंजर (गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारा) यांच्या नावानं पुढं जा. "आमच्या वेळी" हे शब्द मात्र तोंडातून काढू नका, तिथंच सगळं फिसकटतं.

'तू ही रे' आवडलं तर 'अजीब सानिहा' लावा. कंटाळली तर महिनाभर जाऊ द्या, मग 'जीव रंगला' लावून बघा.