व्हिएतनाम बघा म्हणे

भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या चुलतभावाने पुन्हा तेच टाकलंय : ‘व्हिएतनामचा शेतकरी बघा. ना हमीभाव, ना कर्जमाफी, ना रास्ता रोको. बाजारावर सोडलं आणि कॉफीवर बंगले बांधले!’ खाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे अंगठे कांद्याच्या पैशावर शिकलेले.

मी बारा वर्षं व्हिएतनाममध्येच, सायगावात (हो ची मिन्ह सिटीत) आहे. रोबस्टा जातीची कॉफी निर्यात करणाऱ्या कंपनीत नोकरी, महिन्यातून दोनदा बुओन मा थुओत या कॉफीच्या गावाची फेरी. बंगले खोटे नाहीत. 2023च्या सुरुवातीला कॉफीला किलोमागे 40,000 डाँगच्या (इथलं चलन) आसपास मिळायचे, 2024च्या एप्रिलात भाव लाखाच्या वर गेला. तेतला, म्हणजे इथल्या नववर्षाला, तिकडे गेलो तर अंगणात नवी गाडी दाखवतात, आणि मला मनापासून बरं वाटतं.

पण ‘बाजारावर सोडलं’? डाक लाक या कॉफीच्या प्रांतात व्हिएतनाम युद्धानंतर सरकारनेच कॉफीचे फार्म सुरू केले, सखल भागातली माणसं पठारावर आणून वसवली, 1986च्या दोई मोइ या आर्थिक सुधारणांनंतर जमिनी कुटुंबांच्या हाती दिल्या. त्यात एडे या इथल्या आदिवासींचं रान किती गेलं, हे कुणी काढत नाही. कॉफीत देश ब्राझीलखालोखाल दुसरा झाला, आणि लगेच 2001 साली जगाचा भाव असा आपटला की तोडणीची मजुरी सुटेना. लोकांनी झाडं उपटली. पुढे काहींनी काळी मिरी लावली, तिचाही भाव पडला. मग दुरियन हे फळ. 2024च्या त्या भावात दुष्काळाचा वाटा होता, तसा त्या उपटलेल्या झाडांचाही, आणि ज्यांनी ती उपटली त्यांच्या पदरात त्यातलं काही नाही. निफाडात द्राक्षबागेवर कुऱ्हाड चालवलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. पुण्यात तीनशेची कापुचिनो पिणाऱ्याला नाही कळणार. (मी फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर सुआ दा, म्हणजे बर्फाची दूधकॉफी, पितो, हे ग्रुपवर मुद्दाम फोटो टाकून सांगितलेलं आहे.)

खरा फरक वेगळाच आहे. कॉफी थांबते. वाळवून पोत्यात भरली की वर्षभर बघायला नको. शेतकरी माल दाइलीकडे, म्हणजे गावच्या कॉफी-व्यापाऱ्याकडे, ठेवतो आणि भाव पटेल त्या दिवशी विकला म्हणतो. दाइलीने तो आधीच पुढे विकलेला असतो, त्यामुळे भाव एकदम चढला की वाढीव पैसे द्यायचे कुठून, म्हणून एखादा रातोरात शटर ओढून पसार होतो, ते सोडा. पण थांबण्याची सोय आहे. आणि कॉफीवर इथे कुणी एका रात्रीत निर्यातबंदी घालत नाही.

हे मला नोव्हेंबर 2023मध्ये आठवायला हवं होतं. गावाकडे आमच्या नानांच्या कांदाचाळीत थोडा उन्हाळ कांदा उरला होता, भाव चढत होता. मी इथून, एसीत बसून, फोनवर म्हणालो, ‘नाना, घाई करू नका. आमच्याकडचे शेतकरी धरून बसतात, मग कमावतात.’ नाना म्हणाले, ‘कोंब फुटाया लागलेत रे.’ मी म्हणालो, आठ-पंधरा दिवस. 8 डिसेंबरला कांद्यावर निर्यातबंदी आली. भाव निम्म्यावर आला तोवर वरचा थर काळा पडला होता. नानांनी तो बांधावर पसरला. ‘खत होईल,’ एवढंच बोलले.

त्याच हंगामात इथे भाव वाढले म्हणून ठरलेला माल लोकांनी आम्हाला दिला नाही. करार बुडाले, कंपनीला फटका बसला. बैठकीत मी तावातावाने म्हणालो, ‘भाव मिळाला की माजतात. शब्दाला काही किंमत आहे की नाही?’ चुलतभाऊ कांद्याच्या दिवसांत ग्रुपवर लिहितो ते हेच, शब्द न् शब्द. मी ते व्हिएतनामी भाषेत म्हणालो, एवढाच फरक.

म्हणून परवा त्याला उत्तर लिहायला बसलो, 2001 आणि मिरीसकट सगळं लिहिलं, पाठवलंही. त्याचं दोन ओळींत आलं : ‘तू कशाला शेतकऱ्याची बाजू घेतोस? तू तर व्यापारी.’ मग हसणारी तोंडं.

नाना ग्रुपवर नाहीत. रविवारी फोन करतात. आधी कॉफीचा भाव विचारायचे, आता विचारत नाहीत. ‘तुमच्याकडं पाऊस झाला का?’ म्हणतात. आमच्याकडं झाला, मी सांगतो.