पान उलटा, जाहिरात तयारच

दर महिन्याला तेच! ऑडिओ मासिकात स्पीकरचं परीक्षण वाचायचं, पाचपैकी साडेचार तारे, आणि दोन पानं उलटली की त्याच कंपनीची पानभर जाहिरात. "हे घेऊ नका" असं शेवटचं कधी वाचलं, आठवत नाही. सगळेच स्पीकर उत्तम कसे असतील हो?

गेल्या दिवाळीत असल्याच ताऱ्यांवर भरवसा ठेवून जोडी घेतली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी हौसेनं फैयाज खाँसाहेब लावले. बडोदा दरबारचे गवई, केवढा तो भरदार आवाज! आणि ऐकू आलं काय, तर गोधडीआडून कुणी गातंय असं. आवाज वाढवला तर अँप्लिफायरच धापा टाकायला लागला. मग कळलं, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर किती आवाज निघतो ते, फक्त ८३ डेसिबल. माझ्या जुन्या जोडीची ८९. दर ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात, म्हणजे तेवढ्याच आवाजाला चौपट ताकद हवी! हा एक आकडा छापायला काय जात होतं? त्याऐवजी दोन पानं 'मखमली', 'हवेशीर', 'काळीभोर शांतता'. अरे, मोजमाप द्या ना!

१९६२ मध्ये जे. गॉर्डन होल्ट यांनी अमेरिकेत 'स्टिरिओफाइल' हे ऑडिओचं नियतकालिक काढलं, तेव्हा सुरुवातीला ते जाहिरातीच घेत नव्हते. तेवढं नका करू, कागद-छपाई महाग आहे, मान्य. पण परीक्षणाला आलेला स्पीकर परत केला, की ठेवून घेतला, की सवलतीत विकत घेतला, एवढी एक ओळ तरी खाली छापा. आम्ही घामाचे पैसे मोजतो.